एक पट्टी चित्रावर, एक पेटीवर: रेनेसाँपासून मोझार्टपर्यंत पाहायला-ऐकायला कसं शिकावं

मी पेटीवाला. तबल्याच्या एकलवादनाला लेहरा, म्हणजे पुन्हा-पुन्हा फिरणारी एकच चाल, धरणं, गाण्याला साथ करणं यात माझी उमेदीची वर्षं गेली. म्हणजे कान तसा तयार होता. तरीही बाख या जर्मन संगीतकाराचं काही लावलं की दहाव्या मिनिटाला जांभई यायची. सगळं एकदम वाजतंय, यात धरायचं काय? चित्रांचंही तसंच. येशू, मेरी, देवदूत, पुन्हा येशू. सगळी सुंदर, पण कशापुढे थांबायचं आणि थांबून काय बघायचं ते कळेना.

चूक क्रमाची होती. आपण इतिहासाचं पुस्तक उघडतो, इ.स. 1400 पासून सुरुवात करतो आणि 1450 पर्यंत पोचायच्या आत गळपटतो. पुढे जो क्रम दिला आहे तो काळाचा नाही, कान-डोळ्यांच्या सोयीचा आहे. सहा बैठका, प्रत्येकी पाऊण तास. घाई करू नका, दोन बैठकांमध्ये आठवडा गेला तरी चालेल.

आधी शब्दांचा एक गुंता सोडवू. आपण ज्याला ‘वेस्टर्न क्लासिकल’ म्हणतो त्यात पाच-सहाशे वर्षांचं सगळं संगीत येतं. पण त्यातल्याच एका छोट्या काळालाही ‘क्लासिकल’ म्हणतात, साधारण 1750 ते 1820, हायडन-मोझार्ट या संगीतकारांचा. त्याआधी 1600 ते 1750 बरोक, आणि त्याच्याही आधी रेनेसाँ, म्हणजे प्रबोधनकाळ. चित्रकलेच्या तारखा थोड्या पुढेमागे होतात, त्यावरून कुणाशी वाद घालू नका.

तयारी

इअरफोन हवाच. मोबाइलच्या स्पीकरमधून खर्जातली ओळ येतच नाही, आणि या संगीताचा निम्मा जीव तिथे असतो. मी कित्येक वर्षं स्पीकरवर ऐकून ‘हे पोकळ आहे’ म्हणत होतो.

पेटी, कीबोर्ड किंवा तानपुऱ्याचं अॅप घ्या. चित्रांसाठी ए-फोर आकाराचे रंगीत प्रिंट काढा, आणि शाळेतली फूटपट्टी, पेन्सिल घ्या. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर बारीकसारीक दिसतील अशा प्रतिमा फुकट मिळतात. पण पडद्यावर पट्टी ठेवून रेघ मारता येत नाही, म्हणून प्रिंट.

आता एक गंमत. ऐकण्यासाठी मी ज्या तीन मुख्य रचना निवडल्या आहेत त्या तिन्ही जी मायनरमध्ये आहेत. आपल्या भाषेत षड्ज पांढरी पाच, गंधार कोमल. पेटीवर पांढरी पाच धरून ठेवा, तिन्ही रचनांना तोच सा. फक्त जुन्या धाटणीच्या वाद्यांवरचं रेकॉर्डिंग लागलं तर सूर बहुधा अर्ध्या स्वराने खाली असतो, कारण त्या मंडळींनी बरोक काळाला साजेशी उतरती पट्टी ठरवून घेतली आहे. मग काळी तीन धरा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी माझी पेटी बिघडली असं समजून ती उघडून बसलो होतो.

पहिली बैठक: लेहरा ओळखा

हेन्री पर्सेल या इंग्रज संगीतकाराच्या ‘डायडो अँड ईनिअस’ या ऑपेराचा, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकाचा, शेवट शोधा. ‘डायडोज लॅमेंट’ या नावाने तो कुठेही सापडतो. 1689 मध्ये लंडनजवळच्या चेल्सी इथल्या मुलींच्या शाळेत हा ऑपेरा झाला होता. प्रियकर सोडून निघालाय आणि राणी मरणाच्या दारात उभी राहून गातेय. गोष्ट एवढीच लक्षात ठेवा.

गाणं सुरू होण्याआधी एकटी खर्जातली ओळ येते. तीच धरायची. षड्जावरून निघते आणि अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरते: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. मग थोडी वळून पुन्हा सा. पेटीवर वाजवून बघा, पहिल्याच वेळी अंगावर काटा येतो. ही पाच मात्रागटांची ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून, अशी एकूण अकरा वेळा. हा लेहराच आहे. आपल्याकडे लेहरा फिरत राहतो आणि तबलजी वर कायदे-रेले मांडतो. इथे खर्ज फिरत राहतो आणि वर गाणारी रडते.

पहिल्यांदा ऐकताना गाणाऱ्या बाईकडे दुर्लक्ष करा. अवघड आहे, पण करा. बोटांवर आवर्तनं मोजा. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा लक्षात येईल की गाण्याची ओळ खालच्या ओळीबरोबर संपत नाही. खाली सम येऊन जाते आणि वरचा स्वर अजून लांबतोच आहे. चांगला ख्यालगायक सम अशीच ओलांडून जातो. तिसऱ्यांदा ऐकताना काही मोजू नका. चौथ्यांदा ऐकायची गरज मला तरी लागली नाही, पण मी ऐकलं.

हे एकदा जमलं की बरोकचं दार उघडतं. 1600 च्या आसपास इटलीत संगीत लिहिण्याची एक पद्धत रूढ झाली: खालची ओळ लिहायची, तिच्यावर-खाली आकडे टाकायचे, आणि हार्पसिकॉर्ड या पियानोआधीच्या, पट्ट्यांच्या वाद्यावर बसलेल्याने आकडे बघून मधली जागा तिथल्या तिथे स्वतः भरायची. म्हणजे साथीदाराला मोकळीक होती. आम्हा पेटीवाल्यांना यात आपली माणसं भेटल्यासारखं वाटतं.

दुसरी बैठक: पट्टी ठेवा

आज संगीत नाही. फ्लॉरेन्समधल्या सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या भिंतीवर मसाच्चो नावाच्या पंचविशीतल्या पोराने 1427 च्या सुमारास ‘ट्रिनिटी’, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, रंगवलं. ओल्या गिलाव्यावरचं, सहा मीटरहून उंच भित्तिचित्र. त्याचा प्रिंट काढा.

वर कमानदार छत दिसतं, चौकटी-चौकटींचं. त्या चौकटींच्या आत जाणाऱ्या रेघांवर पट्टी ठेवा आणि पेन्सिलीने रेघ खाली वाढवा. डावीकडून दोन, उजवीकडून दोन. चारही रेघा क्रूसाच्या पायथ्याशी, ज्या कट्ट्याजवळ भक्त गुडघे टेकून बसलेत, तिथे येऊन मिळतात. प्रिंटवर अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे होईल, पण मिळतात. तो बिंदू चर्चमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या साधारण डोळ्यांच्या उंचीवर येतो. म्हणजे चित्रकाराने आधी तुमची जागा ठरवली आणि मग चित्र काढलं. भिंतीत खरोखरच एक दालन खोदलंय असं वाटावं ही करामत त्यातून साधते.

त्या बिंदूपासून खाली या. दगडी पेटीवर एक सांगाडा पसरलाय, वर लिहिलंय की मी कधीकाळी तुमच्यासारखा होतो आणि मी आज आहे ते तुम्ही होणार आहात. डोळ्यांच्या वर देव, डोळ्यांच्या खाली मरण, आणि मधोमध बघणारा. हे चित्र काढल्यावर वर्षभरातच, 1428 मध्ये, मसाच्चो रोममध्ये वारला.

आत जाणाऱ्या रेघा एका बिंदूत मिळवायची ही गणिती युक्ती फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने शोधून काढली असं मानतात. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट बांधणारा तोच. आत सुमारे 45 मीटर रुंदीचा घुमट, आणि खालून लाकडी आधाराचा सांगाडा उभा न करता बांधलेला. 25 मार्च 1436 ला त्या कॅथीड्रलचं विधिवत उद्घाटन झालं तेव्हा गीयोम द्यूफाय या संगीतकाराने खास रचलेलं गीत गायलं गेलं. त्यात खालचे दोन आवाज एकच जुनी प्रार्थनेची चाल चार वेळा घेतात, दर वेळी वेगळ्या लयीत, आणि त्या चार लयींचं प्रमाण 6:4:2:3. लयकारी आवडणाऱ्यांनी जरूर शोधावं, पण आज नाही. ते ऐकायला कान अजून तयार नाही, आणि माझा तर अजूनही पुरता नाही.

घरचा अभ्यास म्हणून पेरुजीनोचं ‘किल्ल्या देताना’ हे 1481-82 चं चित्र घ्या. व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या भिंतीवर आहे. मागे मोठा चौक, त्यात फरशांची जाळी. पट्टी ठेवा. रेघा कुठे मिळतात ते मी सांगत नाही.

तिसरी बैठक: एकाच वेळी चार जण बोलतात तेव्हा

त्याच सिस्टिन चॅपेलच्या गायकवृंदात 1489 पासून काही वर्षं जोस्कँ दे प्रे हा संगीतकार गात होता. गायकांच्या सज्जात भिंतीवर नावं खरडलेली आहेत, त्यातलं एक त्याचं मानतात. आपल्याकडे किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांना तेवढाच दिलासा. मायकेलअँजेलोचं छत तेव्हा नव्हतं, ते 1508 ते 1512 मधलं.

जोस्कँचं ‘आव्हे मारिया… विर्गो सेरेना’ लावा. चार आवाज, वाद्य नाही. पहिली दोन मिनिटं पुरेत. सगळ्यात वरचा आवाज एक छोटी ओळ म्हणतो. ती संपताना त्याच्या खालचा तीच ओळ उचलतो, मग तिसरा, मग खर्जातला. प्रत्येक नव्या ओळीला पुन्हा तसंच. व्हेनिसच्या पेत्रुच्चीने 1502 मध्ये अशा रचनांचं पुस्तक छापलं त्यात हीच पहिली घातली होती. माणसाची पारख चांगली होती.

आता याच खेळाचं दोनशे वर्षांनंतरचं रूप. बाखची ऑर्गनवरची जी मायनर फ्यूग, तिला ‘लिटल फ्यूग’ म्हणतात. शोधताना बीडब्ल्यूव्ही 578 हा बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक द्या, नाहीतर त्याच स्वरातली मोठी सापडेल. सुरुवातीला एकटी ओळ येते: सा, वरचा प, कोमल ग, रे, सा… पेटीवर ही सुरुवात चार-पाच वेळा वाजवून पाठ करा. हे टाळू नका. मुखडा पाठ नसेल तर तो गर्दीत ओळखू येत नाही, आणि फ्यूग म्हणजे तो मुखडा गर्दीत ओळखण्याचाच खेळ.

दुसरा आवाज तीच ओळ पंचमाला षड्ज मानून घेतो. तिसरा पुन्हा मूळ षड्जावर, चौथा पुन्हा पंचमावर, आणि हा चौथा वाजवणारा पायाने वाजवतो, ऑर्गनला पायपट्ट्या असतात. दर प्रवेशाला आवाज एकेक पायरी खाली. महत्त्वाची गोष्ट ही की आधीचा आवाज गप्प बसत नाही. आपल्या जुगलबंदीत एक वाजवतो तेव्हा दुसरा मान डोलावतो. इथे पहिला स्वतःचं वेगळं काहीतरी बोलत राहतो आणि ते नव्याला जुळतंही. ऐकताना मुखडा सुरू झाला की एक बोट वर करा. चार प्रवेश सापडतील, मग पुढे तो अधूनमधून डोकं वर काढेल. मधल्या आवाजातला हुकला तर वाईट वाटून घेऊ नका. ओळीचं शेपूट ऐकू आल्यावर ‘अरे, येऊन गेला’ असं मलाही होतं.

चौथी बैठक: उजेड कुठून येतो

रोममध्ये सान लुईजी देई फ्रान्चेझी नावाच्या चर्चमध्ये डाव्या हाताच्या एका छोट्या देवळीत कारावाज्जोचं ‘मॅथ्यूला बोलावणं’ आहे, 1599-1600 मधलं. जकात गोळा करणाऱ्या मॅथ्यूला येशू शिष्य व्हायला बोलावतो, तो प्रसंग. टेबलाभोवती पाच जण पैसे मोजत बसलेत. उजवीकडून येशू आणि पीटर आत येतात. येशू जवळजवळ अंधारात आहे, फक्त चेहरा आणि एक हात दिसतो.

इथे पट्टीचा उपयोग कमी, कोरा कागद घ्या. वर भिंतीवर जो तिरपा उजेड पडलाय तो कागदाने झाका. चित्र लगेच खानावळीतला फोटो होतं. कागद काढा, पुन्हा काहीतरी घडायला लागतं. मग एकेक चेहरा बघा, उजेड कुणावर आहे, कुणावर नाही. डाव्या टोकाचे दोघे, एक चष्मेवाला म्हातारा आणि एक खाली मान घातलेला तरुण, नाण्यांतून डोळेही वर करत नाहीत. दाढीवाला बोट दाखवतोय, पण स्वतःकडे की त्या तरुणाकडे? मॅथ्यू नेमका कोण यावर जाणकार अजून भांडतात. मला तो तरुणच वाटतो, कारण त्याला अजून काही कळलेलं नाही. आणि हा उजेड चित्राच्या उजवीकडून येतो, त्या देवळीतली खरी खिडकीही त्याच बाजूला, वेदीच्या वर आहे. मसाच्चोने बघणाऱ्याचा डोळा चित्रात घेतला होता, याने खिडकी घेतली.

रोमला जाणं होईल तेव्हा होईल. बरोक शिल्प बघायला जुन्या गोव्याला जा. बॉम जेझू बॅसिलिकेत सेंट झेवियरच्या अवशेषांची चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी 17व्या शतकात घडवलेली आहे. पण ती ज्यावर ठेवली आहे तो संगमरवरी, ब्राँझचे उठाव असलेला चौथरा फ्लॉरेन्सचा आहे. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने केलेला, तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो दे मेदिची याने भेट दिलेला, 1698 मध्ये तिथे बसवलेला. गर्दी पेटीकडे माना उंचावून बघत असते. तुम्ही चौथऱ्याकडे बघा.

याच कोझिमोचा मुलगा फेर्दिनांदो. त्याच्या पदरी क्रिस्तोफोरी नावाचा वाद्यं बनवणारा होता. हार्पसिकॉर्डची तार आतून छेडली जाते, मिजराबीने सतार छेडावी तशी, म्हणून पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने 1700 च्या सुमारास तारेवर हातोडी मारणारी रचना केली. हळू दाबली तर हळू, जोरात तर जोरात. तो पियानो. गोव्याचा चौथरा आणि पहिला पियानो एकाच घराच्या पैशाने, दोन-चार वर्षांच्या अंतराने झाले, हे कळलं त्या दिवशी मी कामावर कुणालाच दुसरं काही बोलू दिलं नाही.

पाचवी बैठक: षड्ज हलतो

ही सगळ्यात महत्त्वाची. आपल्या कानाला तानपुऱ्याची सवय. षड्ज जागचा हलत नाही, आपण त्याच्याभोवती फिरतो. हायडन-मोझार्टच्या संगीतात षड्जच घर बदलतो आणि शेवटी परत येतो. हे माहीत नसेल तर ते संगीत नुसतं गोड आणि लांबलचक वाटतं. मला वाटायचं.

मोझार्टची 40वी सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदाची मोठी रचना, त्याच्या यादीतला क्रमांक के. 550, जुलै 1788 मध्ये पुरी झालेली. पहिला भाग लावा. चाल ओळखीची आहे: सलील चौधरींनी 1961 च्या ‘छाया’मध्ये तिच्यावरूनच ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ बांधलं. कोमल ध-प-प, कोमल ध-प-प, कोमल ध-प-प, आणि वरच्या कोमल गंधारावर उडी.

तानपुरा पांढरी पाचवर चालू ठेवा. पाऊण मिनिटानंतर वाद्यवृंद एकदम थबकतो, क्षणभर शांतता, आणि एक नवी, मऊ, उतरत येणारी चाल सुरू होते. इथे तानपुरा चुकल्यासारखा वाटायला लागतो. तो तिथेच आहे, षड्ज मात्र सरकून कोमल गंधारावर गेलाय. आपण याला षड्जचालन म्हणतो: आसावरी थाटाचा कोमल गंधार षड्ज धरला की बिलावल मिळतो. तसंच इथे. म्हणून ही दुसरी चाल हसरी वाटते. पेटीवर काळी पाच दाबून बघा, नवा सा तिथे आहे.

मग बहुतेक वादक हा सगळा हिस्सा पुन्हा एकदा वाजवतात. नंतर मधली धुमश्चक्री येते, पहिल्या चालीचे तुकडे करून परक्या-परक्या षड्जांवर फेकले जातात. तिथे तानपुरा बंद करा, डोकं दुखेल. पुढे ध-प-प परत आलं की तानपुरा पुन्हा लावा आणि दुसऱ्या चालीची वाट बघा, पहिला हिस्सा दोनदा वाजवला असेल तर ती साधारण सहा मिनिटांच्या आसपास येते. तीच चाल. पण आता घर पांढरी पाच. बिलावलमध्ये भेटलेली ओळ आसावरीत आलीय. मधल्या चार मिनिटांत हिचं काय झालं असावं, असं वाटतं. शब्द एकही नाही.

जुळायला वेळ लागेल. मला पाच-सहा वेळा लागला. ही अशी घडण, दोन चाली दोन षड्जांवर, मग खळबळ, मग दोन्ही एका षड्जावर, त्या काळच्या असंख्य सिंफन्यांत, चार तंतुवाद्यांच्या चौकड्यांत सापडते. एकदा इथे कळली की हायडनकडे वळा, तो तुमची वाट बघण्याची सवय ओळखून मुद्दाम फसवतो. त्याच्या 94व्या सिंफनीचा दुसरा भाग घरातल्या लहान मुलांना ऐकवा. आवाज मोठा ठेवा, आणि चेहऱ्यांकडे बघा.

सहावी बैठक: उरलेलं

मोझार्टच्या काळातलं चित्र म्हणून जाक-लुई दाविदचं ‘होरातींची शपथ’ घ्या, 1784 चं, पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. मागे तीन कमानी, पुढे तीन गट: रोमसाठी लढायची शपथ घेणारे होराती भाऊ, तलवारी धरलेला बाप, कोलमडलेल्या बायका. पट्टी पुन्हा काढा. रेघा बापाच्या तलवारी धरलेल्या मुठीपाशी जमतात. 1748 मध्ये पॉम्पेईचं खोदकाम सुरू झालं तसं प्राचीन रोमचं वेड वाढलं, आणि असा कोरडा, ताठ नेटकेपणा लोकांना आवडायला लागला. त्याआधीचा रोकोको, गुलाबी रेशमी झोके-बिके, मी तुमच्यासाठी वगळलाय. फ्रागोनारचं ‘झोका’ एकदा बघून घ्या, तेवढं बास.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी जमवलेली युरोपीय चित्रं आहेत. पट्टी मात्र घरी ठेवा. तिथल्याच एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, वर्षातून एकदा तरी जा. लंडनला असाल तर नॅशनल गॅलरीचा कायमचा संग्रह फुकट बघता येतो, यान व्हान आयकच्या 1434 च्या दांपत्यचित्रातल्या आरशापुढे थांबा. आणि रोमला गेलात तर सुटी नाणी ठेवा. कारावाज्जोच्या देवळीत दिवा नाणं टाकल्यावर लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. विझला की लगेच दुसरं टाकू नका, अर्धा मिनिट अंधारात बघा.

मैफलीला जाताना एक सूचना. सिंफनीचे सहसा चार भाग असतात आणि आजकाल टाळ्या शेवटीच वाजवतात. मी माझ्या पहिल्या मैफलीत पहिल्या भागानंतर मनापासून ‘वाऽ’ म्हणून टाळी वाजवली, एकट्याने. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं ते अजून आठवतं. पुढे कळलं की 1778 मध्ये पॅरिसमध्ये मोझार्टची सिंफनी झाली तेव्हा लोकांनी पहिल्या भागाच्या मध्येच टाळ्या वाजवल्या होत्या, कुठल्या जागेला वाजतील हे त्याला आधीच ठाऊक होतं, आणि खूश होऊन त्याने ते वडिलांना पत्रात कळवलं. सिंफनी संपल्यावर त्याने बाहेर जाऊन आईस्क्रीमही खाल्लं.